ट्रिपल ऑप्शन: कॉलेज संघाने ही पद्धत घ्यावी का?

अटलांटाच्या बॉबी डॉड स्टेडियममधील विद्यार्थ्यांच्या बाकांवर बसून मी 2013 ते 2018 असे सहा हंगाम प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांचा जॉर्जिया टेक या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ पाहिला आणि त्यांच्या निवृत्तीनंतर, त्यांची ‘ट्रिपल ऑप्शन’ ही आक्रमणपद्धत मोडीत काढलेला संघही त्याच बाकांवरून पाहिला. एखादी वस्तू घरात असताना आणि घरातून गेल्यावर, अशा दोन्ही वेळी वापरणाऱ्याला जे कळते ते दुकानदाराला कळत नाही, एवढ्याच अधिकाराने हे परीक्षण लिहीत आहे. अमेरिकेत दर हिवाळ्यात, प्रशिक्षकांच्या अदलाबदलीच्या मोसमात, कुठल्या तरी हरत्या कॉलेज संघाचे चाहते ‘आता ऑप्शनच आणा’ अशी मागणी करू लागतात. प्रशिक्षक नेमणे म्हणजे बऱ्याच अंशी तयार पद्धत विकत घेणेच असते. तेव्हा ही पद्धत काय देते, तिची खरी किंमत किती आणि ती कोणाला परवडते, हे खरेदीच्या हिशेबानेच पाहिलेले बरे.

आधी ती चालते कशी ते पाहू, कारण तिचे सगळे मोल त्या रचनेतच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू असतात, परंतु नेहमीच्या धावत्या चालीत क्वार्टरबॅक (चाल चालवणारा मुख्य खेळाडू) चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला होतो आणि चेंडू नेणारा स्वतः कोणाला अडवू शकत नाही. म्हणजे अकरा बचावपटूंना अडवायला नऊच उरतात. ऑप्शनमध्ये ही तूट अडवणाऱ्यांची संख्या वाढवून नव्हे, तर दोन बचावपटूंना मुद्दाम मोकळे सोडून भरून काढली जाते. जॉन्सन वापरत त्या ‘फ्लेक्सबोन’ मांडणीत क्वार्टरबॅक सेंटरच्या (पायांमधून मागे चेंडू देणाऱ्या खेळाडूच्या) मागे अगदी चिकटून उभा राहतो, त्याच्या पाठीमागे काही यार्डांवर फुलबॅक असतो (टेकमध्ये त्याला बी-बॅक म्हणत) आणि दोन्ही टोकांना टॅकलच्या (‘लाइन’ या आघाडीच्या रांगेतील टोकाच्या खेळाडूच्या) किंचित मागे व बाहेर एकेक ए-बॅक असतो. चेंडू हाती येताच क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी धरतो आणि मोकळ्या सोडलेल्या पहिल्या माणसाकडे पाहतो. तो फुलबॅकवर तुटून पडला तर चेंडू ओढून घ्यायचा, जागेवर थांबला तर सोडून द्यायचा. चेंडू ओढला तर पुढे दुसरा मोकळा माणूस भेटतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर चेंडू बाहेर धावणाऱ्या ए-बॅककडे फेकायचा आणि तो ए-बॅककडे वळला तर स्वतःच आत घुसायचे. कबड्डीतला चढाईपटू हुलकावणी देतो तेव्हा समोरच्याला निदान चूक करून फसण्याची तरी मुभा असते; येथे बचावपटू जो निर्णय घेईल तोच चुकीचा ठरतो. हे सगळे दोन सेकंदांच्या आत उरकते आणि दर सामन्यात अनेक वेळा होते.

वस्तूचे घराणे उत्तम आहे. टेक्सासचे साहाय्यक प्रशिक्षक एमोरी बेलार्ड यांनी 1968 मध्ये ‘विशबोन’ मांडणी आणली आणि डॅरेल रॉयल यांच्या त्या संघाने तिच्या बळावर सलग 30 सामने जिंकून 1969 चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अलाबामाचे बेअर ब्रायंट दोन सामान्य हंगामांनंतर 1971 मध्ये गुपचूप त्याच मांडणीवर गेले आणि त्या वर्षी त्यांचा संघ 11–1 (11 विजय, 1 पराभव) असा राहिला. त्याच 1971 साली ओक्लाहोमाने दर सामन्यामागे 472.4 यार्ड धावून काढले. टॉम ऑस्बोर्न यांच्या नेब्रास्काने 1994, 1995 आणि 1997 ची विजेतेपदे आय-मांडणीतल्या (बॅक क्वार्टरबॅकच्या मागे एका रेषेत उभे राहतात त्या) ऑप्शनवरच जिंकली. तेव्हा ‘ऑप्शन ही दुबळ्यांची युक्ती’ हे आजचे मत इतिहासाला धरून नाही. ती एके काळी सर्वांत धष्टपुष्ट संघांची पद्धत होती. पुढे गुणी मुले व्यावसायिक लीगच्या धर्तीवर खेळणाऱ्या संघांकडे गेली आणि ऑप्शन प्रामुख्याने सैनिकी अकादमींपुरता उरला. व्यावसायिक लीग तो का खेळत नाही याचे एक कारण मैदानावरच आखलेले असते. कॉलेजच्या मैदानात आतल्या खुणांच्या दोन रांगांमध्ये 40 फूट अंतर असते आणि व्यावसायिक मैदानात साडेअठराच. त्यामुळे कॉलेजमध्ये चेंडू एका कडेला असताना दुसऱ्या बाजूला जी प्रशस्त मोकळी जागा मिळते, ती तेथे मिळत नाही. शिवाय लाखो डॉलरचा क्वार्टरबॅक दर खेपेला कोण मार खायला पाठवील?

आता या पद्धतीतून मिळते काय? माझ्या मते तिचे सर्वांत मोठे देणे यार्ड नसून दुर्मीळता आहे. प्रतिस्पर्ध्याला हंगामात एकदाच ऑप्शन भेटतो, तयारीला सरावाचे जेमतेम तीन-चार दिवस असतात आणि त्याच्या राखीव खेळाडूंना ती चाल खऱ्या वेगाने वठवताच येत नाही. बचावपटूंना एकाने फुलबॅक, एकाने क्वार्टरबॅक, एकाने ए-बॅक रोखायचा अशी कामे वाटून द्यावी लागतात आणि एरवी चेंडूमागे धावायला शिकवलेल्या मुलांना चेंडूकडे पाहू नका असे सांगावे लागते. या दुर्मीळतेचा उलटा पुरावा हंगामाअखेरच्या बोल सामन्यांत सापडतो, कारण तेथे प्रतिस्पर्ध्याला तयारीसाठी काही आठवडे मिळतात. जॉन्सन यांनी टेकमध्ये असे नऊ सामने खेळले आणि त्यांतले तीनच जिंकले. 2008 च्या हंगामाअखेर एलएसयूने (लुईझियाना स्टेट विद्यापीठाने) 38–3 आणि पुढच्याच हंगामाअखेर ऑरेंज बोलमध्ये आयोवाने 24–14 असे हरवले. अपवादही तितकाच ठसठशीत आहे: 2014 च्या ऑरेंज बोलमध्ये याच पद्धतीने मिसिसिपी स्टेटला 49–34 असे लोळवले. परंतु अपवादावर खरेदी करू नये.

दुसरे देणे म्हणजे घड्याळ. धावत्या चालींनी वेळ सरकत राहतो, दोन्ही संघांच्या वाट्याला चेंडू कमी वेळा येतो आणि बलाढ्य संघाला आपले बळ दाखवण्याच्या संधीच कमी मिळतात. सप्टेंबर 2018 मध्ये आर्मीच्या (लष्करी अकादमीच्या) संघाने ओक्लाहोमाच्या मैदानात, त्या वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइजमन करंडक मिळवणाऱ्या कायलर मरेला बाहेर बसवून ठेवत, 60 पैकी 44 मिनिटांहून अधिक वेळ चेंडू आपल्याकडे राखला आणि सामना जादा वेळेत 28–21 असा गमावला. तो हरलेला सामना मला ऑप्शनची सर्वांत चांगली जाहिरात वाटतो. 2023 पासून पहिल्या डाउननंतरही, म्हणजे दहा यार्ड काढून नव्या चार संधी मिळवल्यावरही, घड्याळ चालू ठेवण्याचा नियम आल्याने (सामन्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाची शेवटची दोन मिनिटे वगळता) हा लाभ थोडा वाढलाच आहे.

किंमत मात्र पाटीवर लिहिलेली नसते. पिछाडीवर पडल्यावर ही पद्धत घाट चढणाऱ्या मालगाडीसारखी होते. चौदा गुणांनी मागे असताना दर चालीत चार यार्ड काढून भागत नाही. पासचा सराव तोकडा असतो, कारण ऑप्शनचे वाचन अंगवळणी पाडण्यातच सरावाचे तास संपतात. अगोदरच्या हंगामात 11 सामने जिंकलेला टेकचा संघ 2015 मध्ये 3–9 असा कोसळला; काही अनुभवी ए-बॅक व फुलबॅक गेले, लाइनमध्ये दुखापती झाल्या आणि दोन सेकंदांचे ते गणित कुठल्या तरी एका टोकाला रोज चुकू लागले. त्या शरद ऋतूत बाकांवर बसून मी जेवढे फम्बल (हातातून निसटलेले चेंडू) पाहिले तेवढे एरवी दोन हंगामांत पाहिले नव्हते. ‘अशा संघात रिसिव्हर (पास झेलणारे) येणारच नाहीत’ ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते: डिमेरियस थॉमस याच संघातून 2009 मध्ये 1,154 यार्ड झेलून 2010 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) पहिल्या फेरीत गेला, कारण सगळे धाव रोखायला पुढे सरकले की मागे एकट्या धावणाऱ्या उंच मुलाला मोकळे रान मिळते. पण असा मुलगा पाच वर्षांत एकदा मिळतो आणि शाळकरी खेळाडूंच्या भरतीला गेलेला प्रतिस्पर्धी प्रशिक्षक इतर चार वर्षांचेच दाखले देतो.

त्यात 2022 मध्ये नियम बदलला. कमरेखाली अडवण्याची मुभा आता फक्त टॅकलच्या आतल्या चौकोनात, लाइनमधल्या खेळाडूंना आणि जागेवर उभ्या असलेल्या बॅकनाच आहे. बाहेर धावत जाऊन मोठ्या लाइनबॅकरच्या (लाइनमागे उभ्या बचावपटूच्या) पायांवर झेपावून त्याला पाडणे हे लहानखुऱ्या ए-बॅकचे मुख्य हत्यार होते. तेच काढून घेतल्यावर बाहेरच्या पिचची (ए-बॅककडे फेकलेल्या चेंडूची) धार बोथट झाली. 2022 पूर्वीचे आकडे दाखवून आज ऑप्शन विकणारा माणूस जुन्या नियमांवरचा माल विकत असतो, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे.

आणि सर्वांत मोठी रक्कम मोजावी लागते ती पद्धत सोडताना. जॉन्सन 2018 च्या अखेरीस निवृत्त झाले. नव्या प्रशिक्षकांना आधुनिक, पसरट आक्रमण हवे होते, पण हाताशी होती ती ऑप्शनसाठी निवडलेली मुले: हलकी, चपळ, पुढे झेपावून अडवणारी लाइन, जिने मागे सरकत पास देणाऱ्याचे रक्षण फारसे केलेच नव्हते, धावण्यासाठी घेतलेले क्वार्टरबॅक, आणि टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा व पासही झेलणारा) तर जवळजवळ नाहीतच. पुढची तीन वर्षे संघाने दर वर्षी तीनच सामने जिंकले. 14 सप्टेंबर 2019 ची दुपार मला विशेष आठवते. पाहुणा संघ होता खालच्या श्रेणीतला साउथ कॅरोलायनाचा द सिटॅडेल आणि तो खेळत होता तोच ऑप्शन, जो आम्ही नऊ महिन्यांपूर्वी जुनाट म्हणून टाकला होता. जादा वेळेत त्यांनी 27–24 असा विजय मिळवला. माझ्या मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ प्रत्येक पिचला टाळी वाजवत होते, आणि ती पाहुण्यांसाठी आहे की आठवणीसाठी, हे मी विचारले नाही.

अर्धामुर्धा ऑप्शन घेता येईल का, हा प्रश्न आता जास्त विचारला जातो. उत्तर संमिश्र आहे. नियमबदलानंतर आर्मीने 2023 मध्ये सेंटरपासून दूर, शॉटगन मांडणीकडे मोठे वळण घेतले आणि 6–6 वर हंगाम संपवला. 2024 मध्ये ते पुन्हा आपल्या मुळांकडे सरकले, क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने 32 टचडाउन धावून केले आणि परिषदेत (कॉलेज संघांच्या गटात) सामील झाल्याच्या पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवून संघ 12–2 असा राहिला. नेव्हीने (नौदल अकादमीने) त्याच वर्षी विंग-टी ही जुनी धावती मांडणी आणि ऑप्शन यांची खिचडी शिजवून 10 सामने जिंकले, ज्यात आर्मीवरचा 31–13 हा विजयही होता. म्हणजे बदल चालतो, पण तो करणाऱ्यांच्या हाडात ऑप्शन मुरलेला असावा लागतो. दुसरीकडे, ऑप्शनचे पातळ रूप आज जवळजवळ प्रत्येक संघात आहेच. शॉटगनमधून एका बचावपटूला मोकळे सोडून वाचायचे, ही झोन-रीडची युक्ती मूळची त्याच कुळातली. खुद्द जॉर्जिया टेकमध्ये ब्रेंट की यांच्या संघात हेन्स किंग हा क्वार्टरबॅक तीच वापरत धावत असे, आणि 2024 मध्ये त्यांनी मायामीला 28–23 असे हरवले ते बी-बॅक व ए-बॅक यांच्याविनाच.

म्हणून माझा निकाल ग्राहक पाहून बदलतो. सैनिकी अकादमींना ही पद्धत आजही चोख बसते: तेथे पदवीनंतर लष्करी वजनमर्यादा पाळायची असल्याने दीडशे किलोंची लाइन उभी करणे अवघड असते, मुले सहसा चार वर्षे टिकतात आणि त्यामुळे दोन सेकंदांचे ते वाचन चौथ्या वर्षी श्वासासारखे होते. इतर कॉलेजांत 2021 पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता संघ बदलू शकतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी तयार झालेला क्वार्टरबॅक तिसऱ्या वर्षी आपल्याकडेच असेल याची खात्री उरलेली नाही. जी पद्धत संयमावर उभी आहे तिला हे वाळवीसारखे आहे. मोठ्या परिषदेतल्या, पैसा आणि भरतीचे क्षेत्र दोन्ही असलेल्या कॉलेजला मी ही खरेदी करू नका असेच सांगेन, आणि त्यात माझे टेकही आले, मन कितीही ओढले तरी. धाकट्या परिषदेतल्या, भरतीत कायम पाचव्या-सहाव्या क्रमांकावर राहणाऱ्या आणि गमावण्यासारखे फारसे नसलेल्या कॉलेजने मात्र जरूर विचार करावा. फक्त आपल्या वेळापत्रकातल्या प्रतिस्पर्ध्यांना वर्षभरात दुसरा ऑप्शन संघ भेटतो का ते आधी मोजावे, आणि प्रशिक्षकाशी पाच वर्षांपेक्षा कमी मुदतीचा करार करायचा असेल तर तो करूच नये.