तुआमोटू की लाऊ: बोटीवर दोघंच असाल तर

दक्षिण पॅसिफिकमध्ये एक अख्खा मोसम शिडाच्या बोटीवर काढायचा, बोटीवर नवरा-बायको दोघंच, आणि गर्दीपासून जमेल तितकं लांब जायचं असं ठरलं, की बहुतेकदा दोन नावांवर गाडी अडते. एक, फ्रेंच पॉलिनेशियातली तुआमोटू कंकणद्वीपं. दुसरं, फिजीच्या पूर्व टोकाचा लाऊ द्वीपसमूह. निळं पाणी, पांढरी वाळू दोन्हीकडे आहे. त्यामुळे फोटो बघून निवड करण्यात अर्थ नाही. आमची कसोटी वेगळी आहे: दोघांपैकी एक जण ताप, हात मोडणं किंवा नुसत्या बोट लागण्याने आडवा झाला, तर उरलेल्या एकट्याला त्या जागी बोट सांभाळता येईल का?

मोकळ्या समुद्रात दोघांना बोट हाकणं जमतं. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी 'तारिणी' ही गोव्यातच बांधलेली 56 फुटी बोट घेऊन 2 ऑक्टोबर 2024 ला गोवा सोडलं आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 ला त्या परत आल्या. पण खोल समुद्रात आपटायला काही नसतं. प्रवाळाच्या प्रदेशात एकाला सुकाणूवर आणि दुसऱ्याला नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, कायम उभं राहावं लागतं. तिथे दोन माणसं ही किमान संख्या आहे, सोयीची नव्हे.

पोचायचं कसं

निम्मा निर्णय इथेच होतो. या पट्ट्यात मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, म्हणून सगळा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे होतो. बोट अमेरिकेत असेल तर तुआमोटू आधी लागतात. पनामाहून मार्केसास बेटं सुमारे 4,000 नॉटिकल मैल, आणि तिथून नैर्ऋत्येला 500 मैलांवर, तीन-चार दिवसांत, पहिलं कंकणद्वीप. बोट न्यूझीलंडमध्ये असेल तर उत्तरेला सुमारे 1,100 मैलांवर फिजी आहे, आठ-दहा दिवसांचा पल्ला. ऑकलंडच्या मराठी जोडप्याने पहिल्याच मोठ्या सफरीला तुआमोटूच्या मागे लागू नये, कारण तिकडे जायचं म्हणजे हजारो मैल वाऱ्याच्या उलट्या अंगाला.

लाऊची अडचण निराळी. फिजीत शिरण्याची मुख्य अधिकृत बंदरं सावुसावू, सुवा, लेवुका आणि लाउटोका. लाऊ या सगळ्यांच्या पूर्वेला. टोंगाहून येताना लाऊची बेटं आधी दिसतात, पण कागदपत्रं होण्याआधी तिथे नांगर टाकणं बेकायदा आहे. म्हणजे लाऊ ओलांडून सावुसावू गाठायचं, सोपस्कार उरकायचे आणि मग वारा अंगावर घेत मागे यायचं. सावुसावूहून लाऊतलं वनुआ बलावू बेट सुमारे 100 मैल, सुवाहून लाऊतलंच फुलागा 180 च्या आसपास. आग्नेय वारा 20 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) असताना हे अंतर कापायला निघू नका. वारा ईशान्य किंवा उत्तरेकडे वळतो ते दोन-तीन दिवस गाठायचे. त्यासाठी सावुसावूत कधीकधी दोन आठवडे थांबावं लागतं. तेवढा वेळ हाताशी नसेल तर लाऊचं नाव काढू नये.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. फिजीत आगाऊ व्हिसा लागत नाही, उतरल्यावर चार महिन्यांची परवानगी मिळते. फ्रेंच पॉलिनेशियासाठी साधा शेंगेन व्हिसा चालत नाही; त्या प्रदेशासाठी वैध असा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो, आणि तो निघण्याआधीच. समुद्रात निघाल्यावर हे दुरुस्त करता येत नाही.

खिंडी

कंकणद्वीप म्हणजे प्रवाळाचं कडं, आत खाजण, आणि आत-बाहेर करायला एखादी खिंड. तुआमोटूत भरती-सुकतीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. आपल्या किनाऱ्यावर उधाण आणि भांग पाहणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा फरकाने काय होणार? पण इथे प्रवाह भरतीने ठरत नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या लांब लाटा कड्यावरून आत कोसळत राहतात, खाजण काठोकाठ भरतं, आणि ते सगळं पाणी एकाच खिंडीतून बाहेर निघतं. लाटा मोठ्या असल्या की चोवीस तास बाहेरचाच प्रवाह, सहा-सात नॉटचा. भरतीचं कोष्टक त्या दिवशी कामाला येत नाही. बारा मीटरची बोट इंजिनावर सहा नॉट धावते, म्हणजे जागच्या जागीच राहील. आमचा नियम असा: प्रवाह बोटीच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त दिसला तर बाहेरच थांबायचं. दुर्बिणीतून खिंडीच्या तोंडाशी उभ्या, जागच्या जागी फुटणाऱ्या लाटा दिसल्या तर वारा आणि प्रवाह समोरासमोर आहेत असं समजावं.

तुआमोटूतल्या फाकारावा कंकणद्वीपाची उत्तरेची गारुए खिंड सुमारे 1,600 मीटर रुंद आहे, म्हणून नवख्या जोडप्याने सुरुवात तिथून करावी. इथे सूर्याचं गणितही बघा. जून-जुलैत सूर्य दुपारीही उत्तरेला, क्षितिजापासून जेमतेम पन्नास अंशांवर असतो. गारुएतून आत, म्हणजे दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी राहतो आणि पाण्यातला प्रवाळ तपकिरी दिसतो. तोच प्रवाळ उत्तरेकडे तोंड करून पाहिला तर चकाकीत हरवतो. सकाळी दहा ते दुपारी दोन एवढाच भरवशाचा वेळ. ध्रुवीकृत काचांचे चष्मे दोघांनाही हवेत, फक्त नाळेवरच्याला नव्हे.

लाऊत भरती मीटरभराच्या वर चढते, त्यामुळे प्रवाहाचा अंदाज कोष्टकावरून बऱ्यापैकी येतो. फुलागाची खिंड मात्र अरुंद आहे, पाणी स्थिर असतानाच शिरायचं. नकाशांवर मात्र भिस्त ठेवू नका. बेटं आणि प्रवाळ नकाशात सरकलेले असू शकतात. उपग्रहाची छायाचित्रं आधी उतरवून ओपनसीपीएन या नौकानयनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर बसवून घ्या. इंटरनेट असतानाच, म्हणजे सावुसावूत. 180 रेखांशाची रेषा फिजीतूनच जाते. काही प्लॉटर, म्हणजे बोटीवरचे नकाशा दाखवणारे पडदे, तिथे गोंधळतात, मार्ग उलट्या दिशेने जगभर फिरवून दाखवतात. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन वेगळे मार्ग आखले की हा घोळ टळतो.

नांगर

तुआमोटूत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. तळाला वाळू असते, पण वाळूत दर दहा-वीस मीटरवर प्रवाळाचे गड्डे. नांगर वाळूत नीट बसतो, साखळी मात्र तळावर आडवी पडते. रात्री वारा फिरला की बोट फिरते आणि साखळी गड्ड्याला वेढा घालते. पन्नास मीटर सोडलेल्या साखळीची पंधराच मोकळी उरते. मग लाट आली की धक्का थेट बोटीला: स्नबर, म्हणजे साखळीचा हिसका झेलणारा दोर, तुटतो, नाळेवरचा रोलर वाकतो, आणि तिथला जिवंत प्रवाळ मोडतो तो वेगळाच.

उपाय म्हणजे साखळी तरंगती ठेवणं. मोत्यांच्या शेतीत वापरतात ते साधारण 30 सेंटिमीटर व्यासाचे कडक प्लास्टिकचे गोळे यासाठी उत्तम. जुने गोळे वाऱ्याकडच्या किनाऱ्यांवर वाहून आलेले सापडतात. असा एक गोळा पाण्यात सुमारे 14 किलो उचलतो. 10 मिलिमीटरची साखळी पाण्यात मीटरला साधारण दोन किलो भरते. म्हणजे एका गोळ्याला सात मीटर साखळी. बारा मीटर खोलीत नांगर टाका, पंधरा-अठरा मीटर साखळी तशीच सोडा, इंजिन मागे घेऊन नांगर पक्का बसवा. मग साखळी सोडत पहिला गोळा हातभर दोरीने आणि हुकाने अडकवा, पुढे दर सात मीटरवर एकेक. तीन-चार पुरतात. नांगराजवळची पहिली साखळी तळावरच राहिली पाहिजे, नाहीतर ओढ वरच्या दिशेने लागून नांगर निघतो. शेवटचा गोळा पृष्ठभागावर आला तर तो जास्त झाला, काढा. उचलताना एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने प्रत्येक गोळा विंडलासपर्यंत, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्रापर्यंत, येण्याआधी हाताने सोडवायचा.

हे काम एकट्याने होतं का? टाकताना होतं, वारा पडलेला असेल तर. उचलताना, वारा 25 नॉटच्या पुढे असेल तर जवळपास नाही. आमच्या कसोटीवर तुआमोटूचा सगळ्यात कच्चा दुवा हाच. म्हणून तिथे जमेल तेव्हा दहा मीटरहून उथळ, हवेच्या टाकीशिवाय बुडी मारून साखळी सोडवता येईल अशा जागी थांबावं. तोआऊच्या आन्स अमियोसारख्या ठिकाणी बोट बांधायचे बोये आहेत, ते वापरावेत.

लाऊत हा जाच खूपच कमी. फुलागाच्या खाजणात पाच-दहा मीटरवर स्वच्छ वाळू मिळते, नांगर पहिल्या झटक्यात बसतो. वनुआ बलावूच्या 'बे ऑफ आयलंड्स'मध्ये पाणी खोल आहे, पंधरा-वीस मीटर, पण चारही बाजूंनी चुनखडीच्या टेकड्या असल्याने आडोसा चांगला. तिथे 80 मीटर साखळी बाळगणाऱ्याला झोप लागते.

वारा फिरला तर

तुआमोटूचा मारामू, म्हणजे जोरकस आग्नेय वारा, 25 ते 35 नॉटने चार-पाच दिवस टिकतो. फाकारावाचं खाजण 60 किलोमीटर लांब आहे. दक्षिण टोकाला थांबलात तर कडं आडोसा देतं. उत्तरेला गावासमोर असाल तर लांबवर वाढत आलेल्या लाटा थेट बोटीवर. अंदाज आला की एक दिवस आधीच दक्षिणेला सरका. आतला मार्ग पूर्वेकडच्या कडेने खुणांनी आखलेला आहे.

फिजीत उलट धोका असतो. दक्षिणेकडून कमी दाबाचा पट्टा गेला की वारा ईशान्य, उत्तर, वायव्य, पश्चिम, नैर्ऋत्य असा फिरत पुन्हा आग्नेयेला येतो. पश्चिमेकडे उघड्या जागा तेवढे काही तास घातक ठरतात.

चक्रीवादळांचा मोसम दोन्हीकडे नोव्हेंबर ते एप्रिल. तुआमोटूत ती क्वचित येतात, पण एल निनोच्या 1982-83 मध्ये एकापाठोपाठ आली होती. लाऊबद्दल संशयाला जागा नाही: 20 फेब्रुवारी 2016 ला विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचं वादळ वनुआ बलावूवरून गेलं. ऑक्टोबर संपण्याआधी लाऊ सोडायचं.

पाणी, शिधा, दुखणं

कंकणद्वीपांवर ओढा नाही, नदी नाही. गावकरी पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात, ते त्यांना पुरवायचं असतं, मागू नका. दोघांना काटकसरीने रोज 40 लिटर लागतं. तासाला 30 लिटर देणारं गोडं पाणी करणारं यंत्र आणि 600 वॉटचे सौर पॅनेल असतील तर प्रश्न मिटतो. यंत्राचे गाळ अडवणारे फिल्टर आणि पंपाचे सील दुप्पट न्या. लाऊत यंत्र नसेल तरी भागतं, फक्त कपडे धुण्याचा दिवस पावसाकडे बघून ठरवावा लागतो.

शिध्याच्या बाबतीत लाऊचं पारडं जड, आणि आपल्यासाठी तर फारच. 1879 ते 1916 या काळात सुमारे 60 हजार भारतीय गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, फिजीत नेले गेले. त्यांच्या वंशजांची दुकानं सावुसावूत आहेत. डाळी, आटा, हळद, मोहरी, हिरव्या मिरच्या मिळतात, हिंदीत बोलता येतं. तुआमोटूत ताहिती बेटावरच्या पपीते शहराहून मालवाहू जहाज येतं त्या दिवशी दुकान भरतं आणि लगेच रिकामं होतं. पीठ, तांदूळ, साखर यांचे दर सरकारने बांधलेले आहेत, बाकी सगळं महाग. डिंगीसाठी, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीसाठी, पेट्रोल हवं असेल तर जहाजावर आधी सांगून मागवावं लागतं.

माशांबद्दल मात्र दोन्हीकडे जपा. खाजणातल्या मोठ्या माशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही; चवीत, वासात कळतही नाही. गार पाणी चटका दिल्यासारखं लागणं ही त्याची खूण. बोटीवर दोघं एकच मासा खातात, म्हणजे दोघंही एकाच रात्री आजारी पडतात आणि सुकाणूवर कोणी उरत नाही. गावात विचारूनच खा, किंवा बाहेर खोल समुद्रात मिळालेल्या ट्यूनावर भागवा. डॉक्टरांची गाठ म्हणाल तर वनुआ बलावूवर लोमालोमाला छोटं रुग्णालय आहे; फाकारावाला विमानतळ आहे, तिथून पपीते गाठता येतं; फुलागाला दोन्ही नाही.

माणसं

तुआमोटूत निर्जन खाजणात तीन आठवडे कोणी दिसत नाही, आणि काही जोडप्यांना नेमकं तेच हवं असतं. लाऊत तसं राहता येत नाही. प्रत्येक खाडी, प्रत्येक किनारा कुठल्या ना कुठल्या गावाचा आहे, आणि नांगर टाकल्यावर पहिलं काम सेवुसेवू, म्हणजे गावप्रमुखाला भेट देऊन परवानगी मागणं. सावुसावूच्या किंवा सुवाच्या बाजारातून वाळवलेल्या यंगोना (ज्यापासून कावा हे पेय करतात) मुळांच्या जुड्या घ्या, प्रत्येक गावासाठी साधारण अर्धा किलो, कागदात गुंडाळून. पोहण्याआधी, मासेमारीआधी गावात जायचं. दोघांनीही सुलू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, नेसायचा, खांदे झाकायचे. टोपी आणि गॉगल गावाच्या वेशीवरच उतरवायचे, पिशवी खांद्याला न लावता हातात. तुरंगा नी कोरो, म्हणजे गावचा कारभारी, प्रमुखाकडे नेतो. मांडी घालून बसायचं, जुडी समोर ठेवायची, बोलायचं काम कारभाऱ्याचं. ती स्वीकारली की तुम्ही गावचे पाहुणे, आणि पाहुण्याला संध्याकाळी बोलावणं येतं, रविवारी चर्चलाही.

म्हणून शांतता हवी असणाऱ्याने लाऊला गेलं तर तो आणि गाव दोघंही नाराज होतात. उलट दोघांपैकी एकाला जरी महिनाभराच्या एकांताची धास्ती असेल तर तुआमोटू नको. निघण्याआधी हे एकमेकांना स्पष्ट विचारा. नवरा हौशी आणि बायको मन मारून आलेली, किंवा याच्या उलट, अशी बोट पहिल्या मारामूत पपीतेच्या वाटेला लागते.

पहिला मोसम असेल आणि बोट जिथे आहे तिथून दोन्ही शक्य असतील, तर आम्ही लाऊ सुचवू: नांगर सोपा, शिधा ओळखीचा, आणि एक जण आडवा झाला तर हाकेला गाव. साखळी तरंगती ठेवण्याचा सराव सावुसावूच्या आसपासच्या वाळूत चार-पाच वेळा करून बघा, गोळे अडकवणं आणि सोडवणं दोन्ही, सुकाणू आणि नाळ या जागा आलटून पालटून. जो कायम सुकाणूवरच उभा राहिला, त्याला नाळेवरचं काम त्या वाईट रात्री पहिल्यांदा करावं लागू नये.