भूत आल्यावर पुराव्याचं काय होतं? ‘द आउटसायडर’ आणि ‘द शायनिंग गर्ल्स’

पोलीस तपास आणि अमानवी खुनी अशा दोन्ही गोष्टी असलेली एकच कादंबरी सध्या वाचायची असेल, तर स्टीफन किंगची ‘द आउटसायडर’ (2018) घ्यावी की लॉरेन ब्यूकसची ‘द शायनिंग गर्ल्स’ (2013)? नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचून झाल्यावर इंग्रजीकडे वळलेल्या वाचकांना ही दोन नावं बहुतेक वेळा एकत्रच सुचवली जातात. मी दोन्ही वाचल्या आहेत, एक दुसऱ्यांदाही वाचली. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपणार नाही, तरी दोघींना न्याय देण्याचा प्रयत्न करतो. दोन्हींचे शेवट सांगणार नाही, पण मध्यापर्यंतचं बोलावं लागेल. त्याशिवाय निवड करता येत नाही.

‘द आउटसायडर’ची सुरुवात जबरदस्त आहे, त्याबद्दल दुमत नसावं. ओक्लाहोमातलं फ्लिंट सिटी नावाचं काल्पनिक गाव. अकरा वर्षांच्या फ्रँक पीटरसनचा अमानुष खून होतो. साक्षीदार, बोटांचे ठसे, डीएनए, सगळं एकाच माणसाकडे बोट दाखवतं. टेरी मेटलंड, इंग्रजीचा शिक्षक आणि गावातल्या मुलांच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक. डिटेक्टिव्ह राल्फ अँडरसनचा स्वतःचा मुलगा टेरीच्या हाताखाली खेळलेला, म्हणून राल्फचा संताप जास्तच. तो टेरीला भर सामन्यात, अख्ख्या गावासमोर बेड्या घालायला लावतो. आणि मग कळतं की खुनाच्या वेळी टेरी दुसऱ्या शहरात शिक्षकांच्या परिषदेत होता. सहकारी सोबत होते. एका लेखकाच्या व्याख्यानानंतर तो उभा राहून प्रश्न विचारतो, त्याचं चित्रीकरण आहे. हॉटेलच्या दुकानातल्या एका जाडजूड पुस्तकावर त्याच्या बोटांचे ठसे आहेत.

म्हणजे एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडचे पुरावे न्यायालयात टिकतील असे. किंग हा पेच घाई न करता, साक्षीदारांचे जबाब जसेच्या तसे देत उभा करतो. प्रत्येक जबाबाची भाषा वेगळी, प्रत्येक साक्षीदाराचा स्वभाव त्यातून कळतो. मधूनच पीटरसनांचं घर दिसतं, एका खुनामुळे एक कुटुंब कसं पायापासून ढासळत जातं ते दिसतं, आणि तो भाग वाचताना रहस्य क्षणभर बाजूला पडतं. हा सुमारे एक तृतीयांश भाग मी जवळजवळ एका बैठकीत वाचला. जेवायला हाक मारलेली ऐकू आली नव्हती.

उरलेलं पुस्तक मात्र कित्येक आठवडे उशाशी पडून राहिलं. का, ते नीट सांगायला हवं, कारण माझी निवड तिथेच झाली.

राल्फचा पेच असा होता की दोन्ही बाजूंचे पुरावे खरे आहेत आणि दोन्ही खरे असूच शकत नाहीत. वाचक म्हणून मी कामाला लागलो होतो. जुळा भाऊ? ठशांत फेरफार? वेळेचा घोळ? पुस्तक अमानवी आहे हे मलाही ठाऊक होतं, तरी त्या ठशांना काहीतरी अर्थ असेल अशी आशा होती. मग उत्तर येतं. एक रूप बदलणारं काहीतरी आहे, ते माणसाची हुबेहूब नक्कल करतं, ठशांसकट आणि डीएनएसकट. झालं. त्या क्षणी एवढ्या मेहनतीने रचलेले सगळे पुरावे निकामी होतात. खुनात वापरलेल्या पांढऱ्या व्हॅनमधला ठसा आणि पुस्तकावरचा ठसा सारखेच, कारण त्या प्राण्याला ते जमतं. यापुढे कुठलाही ठसा सापडला तरी त्यातून काहीच सिद्ध होणार नसतं. तपास तिथे थांबतो आणि सुरू होतं ते राल्फला पटवणं.

हे पटवणं फार लांबतं. होली गिबनी ही खासगी शोधक येते (ती किंगच्या ‘मिस्टर मर्सिडीज’पासूनच्या त्रयीतली, मला अतिशय आवडणारी व्यक्तिरेखा), सगळ्यांना एकत्र बसवते, एक जुना मेक्सिकन चित्रपट दाखवते आणि एल कुको या आपल्या बागुलबुवासारख्या प्राण्याची माहिती सांगते. बाकीचे हळूहळू मान डोलावतात. राल्फ म्हणतो, शक्य नाही. पुढच्या प्रकरणात पुन्हा तेच. इकडे वाचकाला कधीच पटलेलं असतं. आपल्याला माहीत असलेली गोष्ट एका हुशार पोलिसाला कळायची वाट पाहत पानामागून पान उलटायचं, हे मला जड गेलं. पुढे टेक्सासमधली गुहा आहे, गोळीबार आहे, तो भाग वेगवानही आहे. पण त्याची जात पाठलागाची आहे. सुरुवातीला ज्याने मला बांधून ठेवलं होतं, ते त्यात उरलेलं नाही.

याला उत्तर आहे आणि ते मला मान्यही आहे. किंगच्या चाहत्यांचं म्हणणं असं की राल्फचा अविश्वास हाच कादंबरीचा विषय आहे. आयुष्यभर पुराव्यावर विसंबून राहिलेल्या माणसाला पुराव्यापलीकडचं मानावं लागणं, ही त्यांच्या मते खरी गोष्ट. लहानपणी वरून निर्दोष दिसलेलं खरबूज कापल्यावर आत अळ्या वळवळत होत्या, ही राल्फची आठवण या अर्थाने फार चांगली आली आहे. धारपांच्या ‘समर्थ’ या नायकावर प्रेम करणाऱ्या वाचकाला तर होलीचं येणं ओळखीचंच वाटेल. अभद्र काय आहे, त्याचे नियम काय, त्याला थोपवायचं कसं, हे जाणणारं एक माणूस येतं आणि भांबावलेल्यांना धीर देतं. तुम्हाला तसं माणूस कथेत हवं असेल तर माझी तक्रार तुमच्यासाठी नाही.

आता ‘द शायनिंग गर्ल्स’. इथे खुनी कोण हे पहिल्याच प्रकरणात कळतं, त्यामुळे ‘कोणी केलं’ हा प्रश्नच नाही. हार्पर कर्टिस हा महामंदीच्या काळातला शिकागोतला भणंग. 1931 मध्ये त्याला एका घराची किल्ली सापडते. बाहेरून पडीक, आतून थाटाचं असं ते घर, आणि त्याचं दार 1929 ते 1993 मधल्या कुठल्याही दिवशी उघडतं. आतल्या भिंतीवर मुलींची नावं लिहिलेली असतात, त्याच्याच अक्षरात. त्या मुलींना तो वेगवेगळ्या दशकांत गाठतो आणि मारतो. प्रत्येक प्रेताजवळ आधीच्या कुणाचीतरी एखादी वस्तू ठेवून जातो. त्यातली एक वाचते, कर्बी मझ्राकी. 1989 मधल्या हल्ल्यातून जगलेली ही मुलगी पुढे शिकागो सन-टाइम्समध्ये उमेदवारी करते, ती मुळात वर्तमानपत्राचं जुनं दप्तर हाताशी यावं म्हणून.

आणि इथे पुराव्याला वजन आहे. 1943 मध्ये मारल्या गेलेल्या झोराजवळ जॅकी रॉबिन्सनचं ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळतानाचं बेसबॉल कार्ड सापडलेलं असतं. रॉबिन्सन डॉजर्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला 15 एप्रिल 1947 रोजी. अमेरिकेत शेंबडं पोरही सांगेल अशी ही तारीख, कारण त्या दिवशी गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये त्या शतकातला पहिला कृष्णवर्णी खेळाडू आला. म्हणजे कार्ड खोटं नाही, झोराचा खून खोटा नाही, आणि दोन्ही एकत्र असणं अशक्य आहे. किंगच्या पेचासारखाच पेच. पण ब्यूकस तो विरघळू देत नाही. कार्ड खरोखर नंतरच्या काळातलं असतं. कर्बीने नीट पाहिलं, नीट जुळवलं, तर ते तिला खऱ्या उत्तराकडेच नेतं. ती जुनी कात्रणं चाळते, मेलेल्या मुलींच्या घरच्यांना शोधून भेटते, पूर्वी खुनांच्या बातम्या देणारा आणि आता खेळाच्या पानावर आलेला डॅन वेलास्क्वेझ तिच्या मदतीला असतो. कुणी जाणकार येऊन समजावत नाही. लहानपणी एका अनोळखी माणसाने हातात ठेवलेला प्लास्टिकचा घोडा तिला मोठेपणी पुन्हा सापडतो, त्या प्रसंगाला मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. त्या एका खेळण्यात सगळं होतं आणि ते आपल्या डोळ्यांसमोर पहिल्या पानापासून होतं.

दुसरी गोष्ट त्या मुलींची. खुनी ज्यांना निवडतो त्या प्रत्येकीला ब्यूकस एखाद-दुसरं प्रकरण देते आणि तेवढ्यात शिकागोचं एक दशक उभं राहतं. एक नर्तकी अंगाला रेडियम फासून अंधारात चमकत नाचते. शिकागोजवळच्या ऑटावा गावात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली त्याच वर्षांत खंगून मरत होत्या, आणि त्यांच्यातल्या कॅथरीन वुल्फ डोनोह्यूला कंपनीविरुद्ध निकाल मिळायला 1938 उजाडलं. हे माहीत असलं की ते नाचाचं प्रकरण नुसतं चमत्कारिक वाटत नाही. झोरा युद्धकाळात सेनेकाच्या गोदीत वेल्डिंग करणारी, मुलंबाळं असलेली कृष्णवर्णी बाई. आणखी एक जण ‘जेन’ या गटातली. गर्भपात बेकायदा असताना शिकागोतल्या बायका आपापसांत ही सेवा चालवत. मे 1972 मध्ये त्यांच्यातल्या सात जणींना अटक झाली आणि जानेवारी 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायदाच बदलला. खुनी काळात हवा तसा फिरतो आणि या बायका मात्र आपापल्या काळाशी झुंजत एकेक पाऊल पुढे टाकत असतात. हार्परला त्यांच्यात नेमकं काय खुपतं ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

उणिवा आहेतच. त्या घराचं गूढ म्हणावं तसं उलगडत नाही. माझ्या पत्नीने याच कारणासाठी पुस्तक नापसंत केलं. तिचं म्हणणं, एवढे नियम मांडले तर ते कुणी केले हेही सांगा. तिला किंग आवडतो आणि आमच्या घरात हा वाद मिटलेला नाही. मला स्वतःला टोचलं ते असं की काही मुली ओळख होते न होते तोच मारल्या जातात. दोन-तीन प्रकरणांनंतर नवं नाव आलं की पोटात गोळा येतो. शिवाय हार्पर राल्फइतका, किंवा टेरीइतकाही, माणूस म्हणून भरीव नाही. व्यक्तिरेखांच्या बाबतीत किंग सरस आहे, हे मोकळेपणाने सांगतो.

रक्तपात दोन्हीकडे आहे. किंगकडे लहान मुलाच्या खुनाचं वर्णन सुरुवातीलाच येतं. ब्यूकसकडे बायकांवरचे हल्ले पुन्हा पुन्हा येतात, आणि एका कुत्र्याचं जे होतं ते मला माणसांपेक्षा जास्त लागलं. हळव्या काळात दोन्ही टाळाव्यात.

वाचण्याच्या सोयीबद्दल थोडं. किंगचं इंग्रजी सरळ, वाहतं आणि पुस्तक जाड. पण ‘मिस्टर मर्सिडीज’ त्रयी पुढे वाचायचा विचार असेल तर ती आधी संपवा, कारण तिच्या शेवटाबद्दल इथे पात्रं सहज बोलून जातात. ब्यूकसचं पुस्तक आटोपशीर असलं तरी प्रत्येक प्रकरणावर एक नाव आणि एक तारीख असते, आणि क्रम सरळ नसतो. मोबाइलवर वाचताना माझा गोंधळ उडाला. छापील प्रत घेतल्यावर मागे जाऊन तारखा ताडून पाहता आल्या आणि तेव्हाच खरी मजा आली.

थंडीत पांघरूण घेऊन माणसांच्या सहवासात भ्यायचं असेल, तर ‘द आउटसायडर’ तुम्हाला निराश करणार नाही, निदान पहिला तिसरा हिस्सा तर नाहीच. पण तुम्ही मुळात रहस्यकथेचे वाचक असाल, हातात आलेला धागा शेवटपर्यंत धागाच राहावा असं वाटत असेल, तर माझ्या मते आधी ‘द शायनिंग गर्ल्स’ घ्या. दोन्हींवर मालिका आहेत, पहिलीवर एचबीओची 2020 ची आणि दुसरीवर ॲपल टीव्हीची 2022 ची. दुसऱ्या मालिकेने कर्बीच्या कथेचा गाभाच पुष्कळ बदलला आहे, तेव्हा ती तरी पुस्तक संपल्यावरच लावा.