बाळाच्या किडनीतल्या गाठी: सोनोग्राफी की एमआरआय?

बाळाच्या किडनीत पाण्याच्या गाठी असल्याची शंका आली, की पहिला मान सोनोग्राफीचाच. बाळ आईच्या मांडीवर असतानाही ती करता येते, भूल लागत नाही. गाठ पडद्यावर काळीभोर, गोल दिसते. एआरपीकेडी या आनुवंशिक आजारात मात्र गाठी इतक्या बारीक, की दोन्ही किडन्या नुसत्या मोठ्या आणि पांढुरक्या दिसतात; जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब (सोनोग्राफीचं अंगावर टेकवायचं उपकरण) लावला की किडनीतल्या फुगलेल्या नलिका, म्हणजेच या बारीक गाठी, वेगळ्या ओळखू येतात. पाहणाऱ्याचा हात सरावलेला हवा, हे आलंच.

एमआरआयमध्येही एक्स-रे किरण नसतात आणि किडनीचं आकारमान अधिक नेमकं मोजता येतं. पण लहान मूल तेवढा वेळ निश्चल पडून राहणार कसं? अनेकदा गुंगीचं औषध द्यावं लागतं. सोनोग्राफीने कोडं सुटलं नाही, तरच मी तिकडे वळेन.