तेल ओढणारा हातपंप: एक हिवाळा, एक उन्हाळा वापरून

इंजिनातलं जुनं ऑइल ओढून काढणारा हा पंप घ्यायचा का, असं बरेच जण विचारतात, म्हणून आधी निकालच सांगतो. इंजिन ऑइलसाठी खुशाल घ्या, त्यापलीकडे फार आशा ठेवू नका. खोक्यावर ‘एक थेंबही सांडणार नाही’ असं छापलंय, त्यातलं अर्धंच खरं आहे.

आमची बोट चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमापाशी असते. हतनूर धरणाचा फुगवटा तिथपर्यंत येतो. मशीन, म्हणजे बोटीच्या मागे टांगायचं इंजिन, 9.9 एचपीचं, फोर-स्ट्रोक. नव्या मशीनचं ऑइल पहिल्या 20 तासांनी आणि पुढे दर 100 तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला, असं पुस्तिका सांगते. आम्ही महाशिवरात्रीच्या यात्रेआधी एकदा आणि पावसाळ्याच्या तोंडावर एकदा बदलतो. खालचा बोल्ट काढला की काळं ऑइल मशीनच्या पायावरून (पाण्यात जाणाऱ्या खालच्या भागावरून) ओघळत यायचं. डबा धरा, चिंध्या कोंबा, थोडं काठावर पडायचंच. त्याच काठावर लोक आंघोळी करतात, तांब्यात पाणी भरून घरी नेतात. पंप घेतला तो यासाठी.

आमचा मेकॅनिक पंप बघून म्हणाला, “हे खेळणं कशाला आणलं भो?” त्याची शंका रास्त होती, तळातलं ऑइल आतच राहिलं तर? म्हणून पंपाने सगळं ओढल्यावर मुद्दाम खालचा बोल्टही उघडून पाहिला. चमचाभर आलं असेल. तेव्हापासून तो गप्प आहे.

डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढायची, त्या भोकातून बारीक नळी तळाला टेकेपर्यंत सोडायची, दांडा दहा-बारा वेळा मारून डब्यातली हवा काढायची आणि बाजूला व्हायचं. मशीन सरळ उभं हवं. ऑइल आपोआप चढत राहतं. नळीत फरफर आवाज येऊ लागला की संपलं असं समजू नका. नळी बोटभर वर घेऊन, जरा फिरवून परत खाली सोडा, अजून घोट-दोन घोट निघतं. डब्यावर खुणा आहेत, त्यामुळे किती निघालं ते दिसतं. माझ्या मशीनला लिटरच्या आतच लागतं, तेवढं निघालं की नवं ओतायचं.

ऑइल कोमट हवं, ही खरी अट. जानेवारीत सकाळी थंडगार मशीनला पंप लावला तर दांडा मारून खांदा दुखतो. पाण्याच्या ड्रममध्ये पाय बुडवून मशीन पाच मिनिटं चालवा, बंद करा, मग ओढा. पाण्याबाहेर मात्र क्षणभरही चालू करू नका, मशीन गार ठेवायला पाणी ओढणाऱ्या इंपेलरचं रबर जळतं. मे महिन्यात आमच्या भुसावळकडे ही भानगडच नाही, पत्र्याच्या शेडमध्ये मशीन आयतंच तापलेलं असतं!

त्याच उन्हाने पंपाचंही नुकसान केलं. दांड्याचं रबरी वायसर सुकलं आणि हवा धरेना. विकणाऱ्याला फोन केले, मेसेज टाकले, उत्तर नाही. शेवटी ऑइलचे दोन थेंब सोडून वायसर मऊ केलं, आता दर वेळी तेच करतो. बारीक नळीही जोडापाशी चिरली. केळीच्या बागेतल्या ठिबकची मायक्रोट्यूब बसते का पाहिलं. बसली, चालतेय. एवढ्या पैशांत कंपनीने एक नळी जास्त द्यायला काय हरकत होती?

खरी घाण ऑइल फिल्टर काढताना होते आणि तिथे पंपाचा काही उपयोग नाही. आमचा फिल्टर आडवा आहे. दुधाची रिकामी पिशवी एका बाजूने कापून फिल्टरवर चढवायची, अर्धा आटा सैल करायचा आणि ऑइल पिशवीत उतरू द्यायचं. घाई केली की हात कोपरापर्यंत काळा. जुन्या फिल्टरचं रबर मशीनलाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइल लावा आणि हातानेच आवळा.

खालच्या गिअरचं ऑइल वेगळं. खालचा आणि वरचा असे दोन्ही स्क्रू काढून ते उतरवायचं आणि नवं खालच्या भोकातून वर चढवायचं. वरून बाहेर येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा, वायसर नवीनच. जुनं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. हतनूरच्या पाण्यात जाळ्यांचे नायलॉनचे तुकडे फार, ते बोट ढकलणाऱ्या पंख्यामागे गुंडाळले जाऊन पाणी अडवणारं सील कापतात. म्हणून पंखा काढून बघायची सवय ठेवा.

जुन्या ऑइलला गिऱ्हाइकं बरीच. खांबांना वाळवी लागू नये म्हणून शेतकरी मागतात. मी देत नाही, पंपाच्या डब्यातून थेट कॅनमध्ये ओततो आणि गॅरेजच्या बॅरलमध्ये टाकून येतो. सरकारच्या 2016 च्या नियमांत ते घातक कचऱ्यातच धरलंय.

आणि तुमचं मशीन टू-स्ट्रोक असेल तर हे सगळं विसरा. त्यात ऑइल पेट्रोलसोबतच जळतं, ओढायला काही उरतच नाही. गिअरचं मात्र तुम्हालाही बदलावंच लागेल.