सोलापूरच्या पूर्व भागातलं चादर-टॉवेलचं दुकान : माल एक नंबर, मागचा कारखाना त्याहून भारी

घरात लग्न आहे, आहेराला चादरी न टॉवेल पाहिजे होते म्हणून इथं गेलो. अशोक चौकाच्या पुढं आतल्या गल्लीत दुकान, पुढं काउंटर आणि मागं लगेच त्यांचा स्वतःचा लूमचा म्हणजे यंत्रमागाचा शेड. आधी मालाचं सांगतो. जेकार्डची (विणतानाच नक्षी उठते ती) सुती चादर, हातात घेतली की वजन कळतं, डिझाईन दोन्ही बाजूनी दिसतं फक्त रंग उलटे होतात, कडा सरळ, कुठं तार सुटलेली नाही. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची कायदेशीर ओळख, मिळालाय तरी बाहेरचा माल सोलापुरी म्हणून सर्रास खपवतात, त्यामुळं विणताना डोळ्यानं बघून घेता येतंय हे मला लय महत्त्वाचं वाटतं. दर बाजारापेक्षा थोडा जास्त आहे, घासाघीस फार चालत नाही.

पण रिव्ह्यू लिहायला बसलोय ते मागच्या शेडसाठी. मी स्वतः युनिफॉर्मच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आमच्याकडं दिवाळीचा बोनस हातात पडला की माणसं दुसरीकडं जातात, मग नवीन माणूस शिकवा, तो पण जातो, हे दरवर्षीचं. इथं मात्र वर्षानुवर्षं तीच माणसं आहेत, म्हणून मालकांना विचारून आत जाऊन थांबलो.

लूमवर काम पीसवर असतंय हे सोलापुरात सगळ्यांना माहितीये, जेवढं विणलं तेवढा पगार. पण विणणारा एकटा काहीच करू शकत नाही. कांड्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या, भरणाऱ्या बायकांनी कांडी सैल भरली की धोट्यातनं (कांडी घेऊन इकडून तिकडं पळतो तो) सूत नीट सुटत नाही, कापडात खोट येते, आणि ती खोट विणकराच्या मजुरीतनं जाते. लूम बिघडला तर जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, येईपर्यंत विणकर नुसता उभा, त्याचा मीटर बंद. म्हणजे एकाच्या हातातली मजुरी दुसऱ्याच्या कामावर टांगलेली. बऱ्याच कारखान्यात ह्याच्यावरनंच भांडणं होतात, जॉबर आपल्या गाववाल्याचा लूम आधी बघतो, बाकीचे तोंड बघत बसतात.

इथं मी बघितलं ते असं, एका लूमवर एकदम बऱ्याच तारा तुटल्या, विणकरानं हात वर केला. जॉबर अन्ना चहा पीत होते, कप तसाच खिडकीत ठेवला न आले. तेवढ्यात शेजारचा विणकर न सांगता ह्याच्या दुसऱ्या लूमवर पण लक्ष ठेवायला लागला, मधेच कांडी संपली तर बदलून दिली. दोघं तिघं तारा सांधायला बसले, कुणी कुणाला बोललं नाही. नंतर अन्नांना विचारलं असं का पळत आलात, तर म्हणाले, ह्याचा लूम बंद म्हणजे माझं नाव खराब, आणि माझी पोरगी दवाखान्यात होती तेव्हा ह्यांनीच माझं काम सांभाळलंय, मालकानी एक दिवस पण कापला नाही.

आता मालकाचं. लाईट गेली की पीसवाल्या कामगाराचं सगळं बुडतं, बहुतेक ठिकाणी त्याचं कुणाला काही नसतं. इथं ठराविक वेळेच्या वर लाईट गेली तर बसल्या वेळेचे थोडे पैसे देतात, फार नाहीत पण देतात. आणि मंदीत लूम बंद ठेवत नाहीत, साधे टॉवेल काढून स्टॉक करतात. मालक म्हणाले, त्यात माझे पैसे अडकतात, पण लूम बंद करून माणसं घरी पाठवली की सीझनला मी कुणाला बोलावू? भिंतीवर एक फळा आहे, त्याच्यावर कुठली ऑर्डर, कुणाची, कधी द्यायची सगळं लिहिलेलं. सूत महागलं, ऑर्डर कमी झाली हे कामगारांना आधी कळतं, अफवा उडत नाहीत. कांड्या भरणाऱ्या एक वयस्कर अक्का आहेत, त्यांनी माझ्यासमोर मालकांना सांगितलं की ह्या गठ्ठ्याचं सूत कच्चं आलंय, हे लावू नका. मालक म्हणाले, बरं अक्का, तुम्ही म्हणताय तर परत पाठवतो. आणि खरंच गठ्ठा बाजूला काढला. आमच्याकडं शिलाई मशीनवरची बाई असं बोलली असती तर तिला आपलं काम बघ म्हणाले असते.

उचल देऊन माणूस अडकवून ठेवायची पद्धत बऱ्याच धंद्यात आहे. कर्ज फिटेपर्यंत माणूस हलू शकत नाही, मालकाला वाटतं टिकला, पण त्याचा जीव कामात नसतो, फिटलं की जातो. त्यात एकच बाजू बांधलेली असते. इथं पण अडचणीला उचल देतात, पण मालक स्वतः पण अडकलेले आहेत, मंदीत स्टॉक करून, लाईट गेल्यावर पैसे देऊन. दोन्हीकडनं असेल तरच माणूस थांबतो हे माझं स्पष्ट मत आहे, आणि आमच्या लाईनच्या लोकांनी एकदा इथं येऊन बघावंच. ह्या गावानी जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी सगळ्या गिरण्या बंद पडलेल्या बघितल्यात, भोंगे थांबल्यावर घरंच्या घरं कशी रस्त्यावर आली ते आमच्या वडिलांच्या पिढीला विचारा. त्यामुळं काम टिकवणारा मालक आणि मालकाला टिकवणारे कामगार ह्याची किंमत सोलापुरात कुणाला वेगळी सांगायला नको.

तक्रार एकच, माझी ऑर्डर ठरलेल्या दिवशी मिळाली नाही. एका विणकराच्या घरी मयत झाली होती, बाकीच्यांनी त्याचे लूम वाटून घेतले तरी उशीर झालाच. पण फोन त्यांनीच आधी केला, खोटं कारण सांगितलं नाही. लग्नाची तारीख जवळ असेल तर थोडं आधीच सांगून ठेवा. गल्लीत पार्किंग नाही, चारचाकी चौकातच लावा. गडद रंगाच्या चादरी पहिल्यांदा वेगळ्या धुवा, थोडा रंग जातो.

पाच स्टार. दिवाळीला आमच्या कारखान्यातल्या लोकांना द्यायचे टॉवेल इथनंच घ्यायचे असं ऑफिसात बोललोय, आणि लाईट गेल्यावरच्या पैशाचा विषय पण साहेबांपुढं काढलाय. पुढच्या मीटिंगला घेतो म्हणालेत.