आधी वेगस की आधी वाळवंट? नऊ महिन्यांनंतरचा आमचा अनुभव

ट्रिप संपल्या संपल्या लिहिलेलं मी फारसं धरत नाही, तेव्हा माणूस एकतर हवेत असतो नाहीतर क्रेडिट कार्डाच्या बिलाखाली. म्हणून मुद्दाम थांबले. मार्च 2025 मध्ये आम्ही दोघंच, म्हणजे मी आणि आमचे हे, लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून लास वेगस, डेथ व्हॅलीचं वाळवंट आणि झायनची दरी असं 7 रात्रींचं फिरून आलो. आता डिसेंबर आलाय. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या नात्यातले एक जोडपं तशीच ट्रिप ठरवतंय, ते सारखं विचारतंय की कसं करायचं, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलीच गोष्ट सांगते, कारण आमचा सगळा घोळ तिथंच झाला. आम्ही आधी वेगस केलं आणि नंतर वाळवंट. हे उलटं पाहिजे.

का ते ऐका. मुलगी सॅन होजेला आहे पण तिला सुट्टी शेवटच्या आठवड्यात, म्हणून आम्ही सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळुरू, तिथून सॅन फ्रान्सिस्को आणि तिथून थेट वेगस असे गेलो. मार्चमधे आपल्यात आणि वेगसमधे साडेबारा तासांचा फरक असतो. म्हणजे तिथं संध्याकाळचे सहा वाजले की आपल्या शरीराच्या हिशोबानं रात्रभर जागून सकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि तिथं पहाटे तीनला आपलं शरीर दुपारचा चहा मागत उठून बसतं. आता वेगस चालू कधी होतं? संध्याकाळी सातनंतर. आम्ही 3 रात्रींचे पैसे भरून स्ट्रिपवर (वेगसचा हॉटेल-कॅसिनोंचा मुख्य रस्ता) भारीतली रूम घेतली, पडदे बटनावर सरकणारे, बाथटब आमच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्याएवढा लांब, आणि तिन्ही दिवस संध्याकाळी साडेसहाला मेल्यासारखे झोपलो. बेलाजिओ हॉटेलसमोरचं कारंजं रात्री दर पंधरा मिनिटांनी उडतं, फुकट आहे, गाणी लावून, लाईट सोडून. आम्ही ते दुपारी तीनला उन्हात डोळ्यावर हात धरून बघितलं. हे म्हणाले, "दसऱ्याला म्हैसूर पॅलेसचं लायटिंग दुपारी बघायला गेल्यासारखं झालं की गं."

आणि मग पहाटे तीनला उठून करायचं काय. खाली कॅसिनो चालूच, तिथं भिंतीवर घड्याळ नाही, सिगरेटचा वास (आत ओढायला परवानगी आहे, माझं डोकं उठलं), आणि मशीनसमोर एकटी एकटी बसलेली माणसं. बुफे उघडायला अजून पाच तास. रूममधे चहाची किटली नाही! एवढ्या महागाच्या रूममधे किटली नाही, मायक्रोवेव्ह नाही, फ्रिज आहे तर तो त्यांच्या बाटल्यांनी भरलेला आणि त्यातली बाटली नुसती हलवली तरी बिलात लागते. मी दही ठेवायला दोन बाटल्या बाजूला केल्या आणि चेक-आऊटला त्या प्यायल्याचे पैसे लावलेले. भांडले, काढून दिले. वर रिसॉर्ट फी म्हणून रोजचे 50 डॉलरच्या आसपास वेगळे, आम्ही बुकिंग केलं तेव्हा मोठ्या अक्षरात दिसलेल्या भावात ते धरलेले नव्हते. स्ट्रिपवरच्या बहुतेक मोठ्या हॉटेलात ही फी आहे, त्यामुळं हॉटेल बदलून फारसा फायदा नाही, बजेटमधेच धरा.

तर वेगसमधे 3 रात्री काढून शरीर जागेवर आलं आणि मग आम्ही वाळवंटात गेलो, जिथं पहाटे तीनला उठणारं शरीर हवं होतं! बीटी नावाच्या छोट्या गावात राहिलो होतो, रस्त्यानं मोकाट गाढवं फिरतात, मोटेल साधं पण मायक्रोवेव्ह होता, चहा झाला, दशम्या गरम झाल्या, शेंगदाण्याची चटणी होतीच. पहिल्या दिवशी पावणेपाचचा अलार्म लावलेला, जाग आली पावणेआठला. डेथ व्हॅलीतल्या झब्रिस्की पॉइंटला पोचलो तेव्हा साडेनऊ, ऊन डोक्यावर, सगळे डोंगर एकाच रंगाचे, कोणीतरी पिवळ्या कागदावर पेन्सिलीनं रेघा मारल्यासारखे. मला वाटलं ह्याच्यासाठी आलो होय इतक्या लांब?

दुसऱ्या दिवशी यांना हलवून हलवून उठवलं, साडेपाचला गाडी काढली. आणि तीच जागा. ऊन आधी पलीकडच्या पॅनामिंट डोंगरांच्या शेंड्यावर पडतं, मग हळूहळू खाली उतरतं, आणि मग तुमच्या समोरच्या घड्या एकेक करून पेटतात, आधी गुलाबी, मग केशरी, मग सोनेरी. वीस मिनिटांचा खेळ. यांचा धंदा मागाचा, आयुष्य साड्यांच्या रंगात गेलंय, हे कधी कशाला भारी म्हणत नाहीत. ते नुसते उभे होते, मग म्हणाले, इरकलीचा काठ बघ, तो रंग आपल्याला अजून जमलेला नाही. पुढं आर्टिस्ट्स पॅलेट म्हणून जागा आहे तिथं तर डोंगरात हिरवा, जांभळा, गुलाबी सगळं आहे, लोखंड आणि बाकीच्या खनिजांमुळं, तिथून यांना ओढून काढावं लागलं.

बॅडवॉटर बेसिन म्हणजे समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास वर, म्हणजे किती खाली उतरलो बघा. वर कड्यावर एक पाटी लावलीय 'समुद्रसपाटी' अशी, ती शोधायला मान मोडावी लागते, आणि तिथं तळ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं पण पाणी नाही, मीठ. षटकोनी षटकोनी मिठाच्या भेगा लांबपर्यंत. जीभ लावून बघितली, मीठच आहे. वर्षाला पाऊस साधारण 2 इंच. आमच्याकडं जुलैत कणकुंबीला एका रात्रीत त्याच्या दुप्पट पडतो आणि आम्ही त्याला पाऊस म्हणतसुद्धा नाही. याच खोऱ्यात फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश तापमान नोंदवलेलं, जगातला रेकॉर्ड. म्हणून मे ते सप्टेंबर विचारसुद्धा करू नका, मार्चमधेच दुपारी आमची बाटली संपत होती. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही, ओठ मात्र फुटतात. खोबरेल तेलाची डबी न्या, बाकी कुठल्याही क्रीमपेक्षा ते चाललं. मोबाईलला रेंज जवळजवळ नाही, मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा.

पेट्रोलचं मात्र आम्हाला कुणी शिकवायची गरज पडली नाही. निपाणीकडची माणसं जशी हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडंच टाकी फुल्ल करून मग महाराष्ट्रात शिरतात, तसंच तिथं, नेवाडात (वेगस आणि बीटी तिथंच) स्वस्त आणि कॅलिफोर्नियात महाग, आणि डेथ व्हॅलीच्या आत तर सोन्याचा भाव. हद्दीजवळ राहण्याचा एवढा फायदा आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

झायन दोन दिवस. ते युटा राज्यात, तिथं घड्याळ एक तास पुढं, हे आम्ही विसरलो आणि पहिल्या सकाळी पार्किंग फुल्ल. सीझनमधे मुख्य दरीत स्वतःची गाडी नेता येत नाही, शटल बस पकडायची, फुकट आहे. नदीकाठचा रिव्हरसाईड वॉक बहुतेक सपाट आणि पक्का बांधलेला आहे, गुडघेवाल्यांनी डोळे झाकून करावा. एंजल्स लँडिंगच्या कड्यावर चढायला 2022 पासून परमिट लागतं, आम्ही काढलंच नाही, साखळी धरून चढायचं वय गेलं. भिंती 2000 फूट उंच, तांबड्या वाळूच्या दगडाच्या. गोकाकचा दगड पण वाळूचाच, धबधब्याची उंची 170 फुटांच्या आसपास, त्याच्या जवळजवळ बारापट उभी भिंत दोन्ही बाजूंनी मनात आणा. यांना मात्र झायन डेथ व्हॅलीएवढं नाही आवडलं. माझं उलट, मला पाण्याचा आवाज लागतो.

पायाला माती, अंगाला मिठाचा थर, केसांचा झाडू, असं पाच दिवसांनी वेगसला परत आलो ते फक्त एअरपोर्टला, रात्री दहाला. शरीर आता टकाटक जागं. खिडकीतून सगळी स्ट्रिप चमकतेय आणि आम्ही सिक्युरिटीच्या लायनीत. तो बाथटब तेव्हा पाहिजे होता! गेटजवळ पण जुगाराची मशीनं आहेत, आपल्या कर्नाटकात 2007 पासून लॉटरीसुद्धा बंद, म्हटलं हौस करू, 5 डॉलर घातले, गेले.

म्हणून सांगते, उतरल्या उतरल्या एअरपोर्टजवळ साध्या हॉटेलात एक रात्र झोपा (लगेच गाडी चालवू नका, उजवीकडून चालवायचं आहे आणि डोळे मिटतात), दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवंटाकडं सुटा, पहाटे उठायचं काम तुमचं शरीर आपोआप करेल. वेगस शेवटी, 2 रात्री, आणि रूम महागातलीच घ्या, तिथं काटकसर नको, अंग शेकायला ती लागतेच. हे म्हणतात क्रम कसाही ठेवा, पैसे तेवढेच जातात. जाऊ देत.

आता वस्तूंचं. नॅशनल पार्कचा वार्षिक पास आम्ही 80 डॉलरला घेतला. वेगवेगळं भरलं असतं तर डेथ व्हॅली 30, झायन 35 आणि वाटेवरचं लेक मीड 25, म्हणजे 90. व्हॅली ऑफ फायर मात्र राज्य सरकारचं पार्क, तिथं हा पास चालत नाही, वेगळे पैसे. आमच्या पासच्या मागं दोन सह्यांची जागा होती, एक यांची केली, दुसरी मुलीची. त्यामुळं आम्ही परत आल्यावरही तो फिरत राहिला, ती त्यावर योसेमिटीला आणि जोशुआ ट्रीला जाऊन आली. पण 1 जानेवारी 2026 पासून परदेशी लोकांना हाच पास 250 डॉलरचा, आणि पास नसेल तर झायन धरून 11 पार्कांत माणशी 100 डॉलर जास्तीचे. डेथ व्हॅली त्या 11 मधे नाही. म्हणजे जोडप्यानं फक्त डेथ व्हॅली करायची तर गाडीचे 30 डॉलर भरून मोकळं व्हा, कार्डनं भरायचे, कॅश घेत नाहीत.

बूट मी बेळगावातच घेतलेले, एक नंबर मोठे, दोन मोजे घालायचे म्हणून. मिठावर चांगले चालले, झायनमधे पण. नऊ महिने झाले, दर रविवारी राजहंसगडाला तेच घालते. सप्टेंबरात डाव्याचा सोल पुढून सुटला, चांभाराकडून शिवून आणला, तेव्हापासून उजव्यापेक्षा डावाच बरा वाटतोय. दोन लिटरची स्टीलची बाटली आता यांच्याबरोबर रोज कारखान्यात जाते, एक पोचा आलाय, पाणी अजून थंड राहतं. चालायची काठी मात्र घेऊ नका, दोन्ही काठ्या बॅगेतून बाहेर पण नाही आल्या, सध्या त्यातली एक आमच्या आंब्याला टेकू म्हणून लावलीय.