वातीच्या मशीनवाल्यांना एक रुपया देऊ नका, माझे 30,500 गेले

घरबसल्या काम, मशीन आम्ही देऊ, कापूस आम्ही देऊ, तयार माल आम्हीच घेऊ, ही जाहिरात तुम्ही पण बघितलीच असेल. मी सोलापूरची. मशीनचे 32,000 आणि रजिस्ट्रेशनचे 1,500 असे 33,500 भरले. मिस्टरांचं काम बंद होतं, पोरांची फी, बाहेर नोकरीला जावं तर सासूबाईंकडे बघणार कोण, म्हणून भरले. लोभानं नाही, हे आधीच सांगते, कारण ज्याला सांगावं तो पहिलं तेच ऐकवतो.

कळायला पाहिजे होतं ते पावतीवर. तोंडानं सगळं डिपॉझिट डिपॉझिट, अकरा महिन्यांनी पूर्ण परत, आणि हातातल्या पावतीवर "मशीन विक्री". मी विचारलं पण, अहो इथं विक्री का लिहिलंय, तर तिथली बाई म्हणाली ताई ते जीएसटीसाठी लिहावं लागतं, सगळ्यांचं तसंच आहे. शेजारी अजून चार-पाच बायका पैसे मोजत बसलेल्या, त्यांच्यासमोर किती ताणणार? तिथंच उठायला पाहिजे होतं, अजून रात्री ती पावती डोळ्यासमोर येते. आणि स्टॅम्पपेपरवर खाली बारीक अक्षरात, माल पास-नापास करायचा अंतिम अधिकार कंपनीचा. ती ओळ दिसली की सही करू नका.

पहिला लॉट 10 किलो, मजुरी किलोला 300, लगेच 3,000 खात्यावर आले. किलोभर वाती काढायला अख्खा दिवस जातो आणि लाईटबिल आपलं, म्हणजे पास झालं तरी हातात काय राहतं बघा. दुसरा लॉट 20 किलो, त्यातला 14 किलो नापास, म्हणे वात सुटते. 6 किलोचे 1,800, त्यातून नापास कापसाचे किलोला 220 प्रमाणे 3,080 कापले आणि मलाच सांगितलं तुमच्याकडून 1,280 येणं आहे, भरा मग पुढचा कापूस. बरं नापास माल तरी परत द्या, तर तो पण नाही! सासूबाई जन्मभर विड्या वळल्या, त्या म्हणाल्या आमच्या पण खराब म्हणून काढायचे आणि ठेवून घ्यायचे. पण विडीवाल्या बायकांना 1966 पासून कायद्याचं संरक्षण आहे, पीएफ आहे, भांडायला युनियन आहे. आम्हाला काय?

पोलीस म्हणाले मशीन घरात आहे ना, मग फसवणूक कसली, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. अहो डिपॉझिट सांगून विक्रीची पावती दिली ही फसवणूक नाही तर काय, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? अर्जाची पोचसुद्धा देत नव्हते, तुम्ही पोच घेतल्याशिवाय उठू नका. कामगार ऑफिसात साहेब म्हणाले तुम्ही कामगार नाही, तुमचा स्वतःचा व्यवसाय आहे. 1948 च्या जुन्या किमान वेतन कायद्यातसुद्धा माल घरी नेऊन काम करणारा कामगारच धरला होता, पण साहेबांनी मान वर करून बघितलं नाही. प्रत्येकजण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो आणि तोपर्यंत तिकडं कंपनीची रोज नवीन पावती फाटते. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर धंद्यासाठी घेतलंय म्हणून तुम्ही ग्राहक नाही म्हणे. हे पण खोटं, पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं मशीन असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही ग्राहकच आहात, वकिलाकडून खात्री करून घेतलीय, तिथं तक्रार टाकणार आहे.

सोलापुरात अजून कुणी भरले असतील तर पावती, स्टॅम्पपेपर, चॅट काही डिलीट करू नका. एकेकटीला हाकलून देतात, दहाजणी मिळून गेलो तर अर्ज घ्यावाच लागेल. आणि ते "येणं बाकी" मागायला फोन आला तर भरू नका, मी भरलेलं नाही.